मुलांना माझं गाव आवडत नाही

पत्र थोडक्यात असं आहे. लिहिणाऱ्या ताई चाळिशीच्या आहेत आणि पुण्यात नोकरी करतात. बालपण सिंधुदुर्गातल्या खाडीकाठच्या एका वाडीत गेलं, बारावीनंतर त्या शिक्षणासाठी बाहेर पडल्या. वडील सहा वर्षांपूर्वी गेले. आई डोंबिवलीला भावाकडे असते. गावचं घर बंद असतं, किल्ली शेजारच्या चुलत्यांकडे. दर मे महिन्यात त्या नवऱ्याला आणि मुलांना घेऊन दहा दिवस त्या घरी राहायला जातात. मुलगी तेरा वर्षांची, मुलगा आठ वर्षांचा. गेल्या मे महिन्यात मुलगी चौथ्याच दिवशी म्हणाली, "घरी कधी जायचं?" एरवी ती "सारखी चित्रांच्या वहीत डोकं खुपसून" बसलेली. मुलगा रेंज शोधत गडग्यावर, म्हणजे दगडी कुंपणावर, चढून उभा. नवरा मूळचा सोलापूरचा. तो म्हणतो, यंदा एकदा तरी हिमाचलला जाऊ. ताईंचे पहिले दोन-तीन दिवस झाडलोटीत जातात, शेवटचा दिवस बांधाबांधीत, आणि परतताना फोंडा घाट चढायला लागला की त्यांना रडू फुटतं. त्या विचारतात : मुलांना सक्तीने न्यायचं, की हा हट्ट सोडून द्यायचा? "मुलांना ओढ लागली नाही तर ते घर माझ्याबरोबरच संपेल." ताजा कलम असा : "घाटातलं रडू मी मुलांपासून लपवते. बरोबर करते का?"

प्रिय ताई,

तुमचं पत्र दोनदा वाचलं. पहिल्यांदा वाचताना मीच तुमच्या खळ्यात, म्हणजे अंगणात, जाऊन बसले होते. दुसऱ्यांदा पेन्सिल घेऊन बसले. विहीर, पडवी, फणसाखालचा पाट आणि वडिलांची आरामखुर्ची यांना तुम्ही दीड पान दिलं आहे. मुलगी काय म्हणाली, याला एक ओळ. मुलाला अर्धी. यात तुमची चूक काढायची नाही मला. ज्या घरात आता वर्षाचे दहाच दिवस दिवा लागतो, त्याच्याबद्दल लिहायला बसलं की हात थांबत नाही, हे मला कळतं. पण तुमच्या प्रश्नाचं उत्तर बरंचसं त्या दीड ओळीत आहे, म्हणून तिथूनच सुरुवात करते.

"मुलांना गाव आवडत नाही" हे वाक्य तुमचं आहे. मुलगी म्हणाली ते एवढंच, की घरी कधी जायचं. ती असं का म्हणाली, हे तुम्ही तिला विचारलंत का? पत्रावरून तरी विचारलेलं दिसत नाही. तुम्हाला ते वाक्य इतकं लागलं की तुम्ही त्याचा अर्थ लगेच लावून टाकलात.

तेरा वर्षांच्या मुलीला चौथ्या दिवशी परत जावंसं वाटतं, तेव्हा त्यामागे फार साधी कारणं असू शकतात. न्हाणी आणि संडास मागच्या परसात आहेत, असं तुम्हीच एका ठिकाणी ओझरतं लिहिलं आहे. रात्री तिथे बॅटरी घेऊन जायचं, दाराची कडी नीट लागते की नाही याची खात्री नाही, आणि वाटेवर चुलत्यांची पडवी, जिथे कुणी ना कुणी बसलेलं असतंच. तुम्हाला ती वाट पाठ आहे, तुम्ही तिथेच लहानाच्या मोठ्या झालात. तिच्यासाठी ती परकी आणि अंधारी वाट आहे. त्यात पाळीचे दिवस आले तर? चुलती तिला देवघराकडे येऊ नको म्हणाली असेल, किंवा म्हणाली नसेल पण नुसतं पाहिलं असेल. "केवढी गो वाढली ही!" हे वाक्य मायेनेच उच्चारलं जातं, पण दहा दिवसांत दहा जणींकडून ऐकलं की त्या वयाची मुलगी स्वतःच्या अंगाला अवघडते आणि वहीत डोकं खुपसते. असं झालंच असेल असा माझा दावा नाही. झालं असण्याची शक्यता मात्र मोठी वाटते, आणि ती विचारल्याशिवाय कळायची नाही. घरातल्या सगळ्यांसमोर विचारू नका. दोघीच असताना, गाडीत किंवा भाजी निवडताना विचारा : "गावाला तुला सगळ्यात नकोसं काय वाटतं?" आणि ती सांगेल ते मधे न बोलता ऐका. "आमच्या वेळी तर..." हे शब्द त्या वेळी ओठांवर येतील. ते गिळा.

मग जे दुरुस्त करता येईल ते निघण्याआधी दुरुस्त करा. न्हाणीला आतून भक्कम कडी, वाटेवर आणि संडासात रात्रभर राहील असा दिवा, वीज गेली तर हाताशी चार्जिंगचा कंदील. मुलीला खोली नाही देता आली तर निदान माजघराचा एक कोपरा पडदा लावून तिचा करा. आणि चुलतीशी फोनवर आधीच बोला. तिचा मान राखून, पण स्पष्ट : "काकी, माझ्या मुलीला आम्ही चार दिवस बाजूला बसवत नाही, ती आमच्याकडे कशी असते तशीच तिथे असेल." हे बोलणं अवघड आहे. तरी ते तुमचंच काम आहे, तेरा वर्षांच्या मुलीने तिथे जाऊन एकटीने निभावायचं नाही.

आता मुलाकडे वळते. तो रेंज शोधत होता, असं तुम्ही वैतागून लिहिलं आहे. मला विचाराल तर तो माणसं शोधत होता. तुमच्या मे महिन्यात त्या वाडीत किती पोरं असायची, आठवा. मुंबईहून आलेले चाकरमान्यांचे, आत्याचे, मावशीचे, शेजारचे मिळून तुम्ही पत्रात चौदा नावं घेतली आहेत. करवंदांच्या जाळ्यांत घुसायला, कैऱ्या पाडून मीठ-तिखट लावून खायला, दुपारी मोठी माणसं आडवी झाली की व्हाळावर, म्हणजे ओढ्यावर, पळायला ती चौदा जणं होती. तुमच्या मुलाला गडग्यापलीकडे दिसतात दोन कुलूपबंद घरं आणि एक म्हातारे चुलते. जागा तीच आहे, पण तुम्ही जिला गाव म्हणता ती गोष्ट निम्मी त्या पोरांची बनलेली होती. ती पोरं आता ठाणे, पुणे, बंगळूरमध्ये पस्तिशी-चाळिशीची होऊन बसली आहेत आणि त्यांचीही पोरं बहुधा कुठल्यातरी गडग्यावर उभी आहेत.

म्हणून माझी सगळ्यात जोर देऊन केलेली सूचना ही : यंदा जायच्या तारखा घराप्रमाणे ठरवू नका, पोरांप्रमाणे ठरवा. तुमचा भाऊ गणपतीला जातो आणि तुम्ही मे महिन्यात. त्याची मुलं अकरा आणि नऊ वर्षांची, तुमच्या मुलांच्या अगदी जोडीची, आणि ही चार मुलं त्या घरात एकदाही एकत्र राहिलेली नाहीत! जानेवारी-फेब्रुवारीतच भावाशी बोला. शाळांच्या सुट्ट्या आता एकसारख्या नसतात. राज्य मंडळाच्या शाळा मेच्या सुरुवातीला सुटतात आणि जूनच्या मध्यावर भरतात, सीबीएसईच्या बऱ्याच शाळांचं नवं वर्ष एप्रिलमध्येच सुरू होतं आणि सुट्टी मे महिन्यात मधेच येते. दोन्ही कॅलेंडरं शेजारी ठेवली की मेच्या मधले दोन आठवडे सहसा जुळतात. शिवाय मुलीला तिची एखादी मैत्रीण बरोबर आणू द्या. एकीच्या जागी दोघी असल्या की परसातली वाटसुद्धा तेवढी अंधारी राहत नाही.

आईलाही त्याच वेळी आणा. ती डोंबिवलीत आणि घर तिकडे बंद, यात सगळ्यात जास्त तोडलं गेलेलं माणूस तीच आहे, आणि तुमच्या पत्रात ती फक्त सारांशापुरती येते. मुलांशी मालवणीत बोलणारं तुमच्याकडे आता तेवढं एकच माणूस उरलं आहे. तुम्ही पुण्यात मुलांशी मालवणी बोलत नाही, हे तुम्ही लिहिलंय. आजी मात्र त्या खळ्यात पाऊल टाकल्यावर दुसरं काही बोलणारच नाही. तिच्यासाठी दादर किंवा ठाण्याहून तुतारी नाहीतर कोकणकन्या ही गाडी सोयीची. आरक्षण आता प्रवासाच्या ६० दिवस आधी उघडतं, नोव्हेंबर २०२४ पूर्वी ते १२० दिवस आधी उघडायचं. मेच्या गाड्यांची तिकिटं हां हां म्हणता संपतात, तेव्हा तो ६० वा दिवस कॅलेंडरवर लाल करून ठेवा आणि सकाळी आठला तिकीट काढायला बसा.

यानंतरचं सांगताना थोडं माझ्याबद्दल बोलावं लागेल. माझे वडीलही खाडीपलीकडच्या गावचे. लहानपणी दर सुट्टीत ते मला वाडीभर फिरवायचे : इथे माझी शाळा भरायची, या दगडावर मी पडलो, या आंब्याखाली आजोबा बसायचे. मला त्यातला एकही दगड आठवत नाही. आठवते ती तर, म्हणजे खाडी ओलांडायची होडी. तेव्हा खाडीवर पूल नव्हता. तर पलीकडच्या काठाला असली की अलीकडून हाक मारावी लागे, आणि माझा आवाज खणखणीत म्हणून ते काम आजीने माझ्याकडे दिलं होतं. मी दोन्ही हात तोंडाशी धरून "तरी होऽऽ" म्हणून ओरडायचे आणि पाण्यापलीकडे एक माणूस उठून उभा राहायचा. नऊ वर्षांच्या मुलीच्या हाकेने एवढी मोठी होडी हलते, याचं मला केवढं अप्रूप होतं! पुढे पूल झाला, तर गेली. आजही त्या पुलावरून जाताना घशात ती हाक येते.

वडील मला त्यांचं बालपण दाखवत होते, आजीने मला काम दिलं. तुम्ही मुलांना काय देता, ते बघा. पत्रातला तुमचा दिनक्रम वाचला तर सकाळी झाडलोट तुम्ही करता, स्वयंपाक तुम्ही करता, विहिरीचं पाणी नवरा काढतो, आणि मुलांना संध्याकाळी "आपलं सगळं" दाखवायला नेता. म्हणजे गावात करण्यासारखं जे आहे ते मोठ्यांनी करायचं आणि मुलांनी नुसतं बघायचं. पाहुण्यांना आपण असंच वागवतो.

मे महिना हा तिथे आगोटीच्या कामांचा महिना. पावसाआधी सगळं उरकायचं असतं. चुलत्यांकडे रातांबे, म्हणजे कोकमाची फळं, उतरवलेले असतील तर चारही पोरांना त्यावर बसवा. रातांबे धुवायचे, फोडायचे, बिया आणि गर वेगळा काढायचा, साली उन्हात घालायच्या, मग मीठ घातलेल्या त्याच रसात त्या पुन्हा बुडवायच्या आणि पुन्हा वाळवायच्या. हे काही दिवस रोज चालतं, म्हणून ते सुट्टीला फार चांगलं. पोरांच्या हातांना दोन दिवस लाल रंग राहील. आपण केलेली सोलं वर्षभर पुण्यात आमटीत पडली की आठ वर्षांचा मुलगा ताटावर बसून हक्काने सांगतो, हे माझं आहे. फणस कापताना हाताला तेल लावायचं, गरे सोलायचे, आठळ्या धुऊन वाळवायच्या. अंगणातलं सरपण पडवीत रचायचं. कौलं शाकारायला माणूस आला तर त्याच्या हाताखाली फुटकी कौलं वेगळी करायची. किनाऱ्याच्या गावात पहाटे रापण, म्हणजे किनाऱ्यावरून ओढायचं मोठं जाळं, लागली असेल तर तिथे पोरांना जरूर न्या. दोर ओढायला हात लावणाऱ्याला थोडे मासे देण्याची तिथे रीत आहे, आणि स्वतः ओढलेल्या जाळ्यातले चार तारले घेऊन आलेलं पोर तुम्हाला रेंजबद्दल विचारणार नाही. काजू भाजण्यापासून मात्र लहानांना लांब ठेवा, टरफलातल्या तेलाने कातडी पोळते.

सगळी कामं सगळ्यांना आवडणार नाहीत. तुमची मुलगी बहुधा रातांब्यांच्या वासानेच उठून जाईल. जाऊ द्या. तिची ती चित्रांची वही तुम्हाला तक्रार वाटते, मला ती वाट वाटते. तुमच्या मालवण तालुक्यातच कुडोपीच्या सड्यावर, म्हणजे उघड्या कातळाच्या पठारावर, जांभ्या दगडात कोरलेली कातळशिल्पं आहेत : माणसं, प्राणी, मासे, अर्थ न लागलेल्या आकृत्या. कोकणातल्या अशा कातळशिल्पांचं नाव २०२२ पासून युनेस्कोच्या तात्पुरत्या यादीत आहे. तुम्ही स्वतः ती पाहिली आहेत का? माझा अंदाज, नाही. तुमच्या लहानपणी ती पोरांना दाखवायची गोष्ट म्हणून कुणाला माहीतच नव्हती. तेव्हा तिथे मुलीबरोबर जा, ऊन चढायच्या आत, आणि तिला वही उघडू द्या. तिथे दोघीही नवख्या असाल. तुमच्या गावाजवळची एक तरी जागा अशी हवी जी तिने तुमच्याकडून घेतलेली नाही, स्वतः मिळवली आहे. सावंतवाडीच्या राजवाड्यात गंजिफाचे गोल पत्ते अजून हाताने रंगवतात, तेही तिला दाखवा. दशावतार चितारलेले ते पत्ते चित्रं काढणाऱ्या मुलीला तासभर तरी जागेवरून हलू देणार नाहीत.

तुमच्या मोडलेल्या पाठीबद्दल थोडं. दहा दिवसांतले तीन झाडलोटीत आणि एक बांधाबांधीत, म्हणजे उरले सहा, आणि त्या सहांतही चूल तुमच्याकडे. ही तुमची सुट्टी नाहीच, फक्त कामाची जागा बदलते. तुम्ही लिहिता, "आईच्या घरात दुसऱ्याने झाडू मारलेला मला आवडत नाही." तुमची आई त्या घरात वर्षभर होती, तिचा झाडू रोजचा होता. वर्षभराची धूळ एकटीने तीन दिवसांत काढणं हे तिनेही केलं नसतं. वाडीतल्या एखाद्या बाईला आठवडाभर आधी रीतसर मजुरी देऊन घर उघडायला, जळमटं काढायला, जमीन सारवायला सांगा, विहीर उपसायची असेल तर तेही. चुलत्यांना फुकट सांगू नका, ते वयस्कर आहेत आणि संकोचाने नाही म्हणणार नाहीत. एक वेळचं जेवण जवळच्या खानावळीतून किंवा डबा करणाऱ्या बाईकडून ठरवा. आणि मुक्काम दहाऐवजी सहा दिवसांचा करा. आधीच झाडलेल्या घरातले सहा दिवस हे तुमच्या दहा दिवसांपेक्षा मोठे असतील.

उरलेले दिवस नवऱ्याला द्या. त्यांचं "हिमाचल" तुम्हाला बेइमानीसारखं लागलं आहे, पण हा माणूस इतकी वर्षं आपली सगळी रजा सासुरवाडीच्या विहिरीचं पाणी काढण्यात घालवत आला आहे. ते मूळचे सोलापूरचे, एवढा एकच उल्लेख तुम्ही करता. मुलं त्यांच्या गावी शेवटची कधी गेली होती? त्यांचीही एखादी गल्ली असेल, एखादी शाळा असेल, दाखवावीशी वाटली असेल आणि तुमच्या ओढीपुढे बोलले नसतील. सोलापुरात मे महिन्यात पारा चाळिशीपार जातो, तेव्हा तिथे दिवाळीच्या सुट्टीत किंवा जानेवारीत सिद्धेश्वराच्या गड्ड्याला, म्हणजे जत्रेला, जा. मुलांची मुळं एकाच बाजूने मोजायची नसतात. आणि हिमाचललाही एकदा जाऊन या. एक मे चुकला म्हणून वाडी रुसत नाही. ज्या वर्षी गावी जायचं नाही, त्या वर्षी मुलं स्वतःहून "यंदा गाव नाही?" असं विचारतात का, तेही तुम्हाला कळेल.

आता तुमच्या त्या वाक्याकडे येते, ते घर माझ्याबरोबरच संपेल. ताई, तुम्ही दर वर्षी त्या घरी दोन कामं एकदम घेऊन जाता. एक, मुलांची सुट्टी. दुसरं, वडिलांचं आणि त्या भरल्या घराचं दुःख. दुसरं काम मुलांच्या देखत होत नाही, म्हणून ते घाटापर्यंत तुंबून राहतं. तुम्हाला तिथे एकटीने जायला हवं. मे महिन्यात नव्हे, कार्तिकी पौर्णिमेनंतर, जेव्हा गावोगावच्या देवळांत दहीकाल्याच्या जत्रा सुरू होतात आणि रात्रभर दशावताराचं नाटक चालतं. चार दिवस काढा, आईला घेऊन किंवा अगदी एकटीने. वडिलांच्या आरामखुर्चीत बसा. चुलत्यांशी त्यांच्याबद्दल बोला. कुणाला काही दाखवायचं नाही, कुणाला काही आवडायला लावायचं नाही. हे स्वतःसाठी करायला तुम्हाला अपराधी वाटेल, मला माहीत आहे. तरी करा. मे महिन्यात मुलांच्या चेहऱ्याकडे तुम्ही जी आशा लावून बघता, ती त्यामुळे थोडी सैल होईल, आणि मुलांना तेवढंच मोकळं वाटेल.

जाता जाता एक कायद्याची गोष्ट. तुम्ही लिहिता, "घर आता भावाचं, मी पाहुणीच." वडिलांनी मृत्युपत्र केलं नसेल, तर हिंदू वारसा कायद्याप्रमाणे आई, भाऊ आणि तुम्ही सारख्या हक्काचे वारस आहात, आणि वडिलोपार्जित मिळकतीत मुलीला २००५ च्या दुरुस्तीपासून मुलाइतकाच हक्क आहे. घरपट्टीच्या पावतीवर कुणाचं नाव आहे, एवढ्याने मालकी ठरत नाही. भांडायला सांगत नाही. भावाशी तुमचं बरं आहे आणि ते तसंच राहो. पण कौलं, वाळवी, विजेचं बिल यांचा खर्च दोघांनी वाटून घेण्याची बोलणी तुम्ही पाहुणी म्हणून करू शकणार नाही. आपल्या घराची म्हणून करा, आईच्या समोर.

मुलांना नेणाऱ्या सगळ्यांसाठी दोन-चार खबरदाऱ्या. मेच्या शेवटी समुद्र उसळायला लागतो. साधारण २६ मेपासून ऑगस्टअखेरपर्यंत मालवणकडे जलक्रीडा आणि किल्ल्याची होडी बंद असते, तेव्हा सिंधुदुर्ग किल्ला दाखवायचा तर त्याआधी. पाऊस जूनमध्येच येतो असंही धरून चालू नका, २०२५ साली तो २५ मेलाच दक्षिण कोकणात उतरला होता. फुरसं हा विषारी साप आणि विंचू हे जांभ्याच्या मुलखात नेहमीचे. अंधारात अनवाणी नाही, चपला झटकून घालायच्या, दगडांच्या फटीत हात नाही. चावलंच तर झाडपाल्यात, मांत्रिकात वेळ न घालवता सरळ ग्रामीण रुग्णालय. विंचवाच्या विषावर प्राझोसिन हे साधं औषध लागू पडतं, हे महाडच्या डॉ. हिंमतराव बावस्करांनी याच कोकणात दाखवून दिलं, पण ते डॉक्टरांनी, वेळेत द्यायचं असतं. विहिरीचा कठडा मुलांच्या कमरेवर येतो का, तेही पहिल्याच दिवशी बघा.

ज्यांचं घरच उरलं नाही, अशा वाचकांचीही पत्रं येतात. कुणाचं विकलं गेलं, कुणाचं भाऊबंदकीत अडकलं, कुणाचं धरणात गेलं. त्यांनी एक-दोन रात्री गावाजवळ भाड्याने राहावं आणि तिथल्या एखाद्या जिवंत माणसाकडे मुलांना न्यावं, मोकळ्या जोत्यापाशी तासभर उभं करू नये. उजनी धरणाच्या पाण्यात गेलेल्या पळसदेवचं जुनं देऊळ पाणी फार ओसरलं की उन्हाळ्यात वर येतं, आणि त्या भागातून उठलेली माणसं नातवंडांना घेऊन ते बघायला जातात. तिथे नातवंडांना बघायला पाण्यातून वर आलेलं देऊळ असतं आणि आजोबांना त्यांचं गाव. दोघंही आपापल्या कारणाने खूश असतात. तुमचंही तसं झालं तर त्यात कमी काही नाही.

राहता राहिला तुमचा ताजा कलम. घाटातलं रडू लपवू नका. गाडीत मागे बसलेल्या दोघांना ते केव्हाच माहीत आहे. तुमच्या मुलीला त्याचा अर्थ बहुधा असा लागत असेल, की आपण नीट वागलो नाही म्हणून आई रडते. फोंडा घाटात चहाला थांबा आणि एवढंच सांगा : "मला बाबांची आठवण येते. तुमच्यामुळे नाही." मग चहा प्या, मुलांना भजी घेऊन द्या आणि पुढच्या खेपेला गडग्यावर कोण कोण असायला हवं, त्यांची नावं मुलाकडून लिहून घ्या.